डब्यातली लाल-पिवळी कॅप्सूल

कामाचे अनुभव लिहायला माणूस निदान रिटायर झालेला असावा, असं मला वाटत होतं. आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकात दरवर्षी पोलादाच्या प्लांटमधले काका लिहितात, रेल्वेतले काका लिहितात. त्यांनी भट्ट्या सांभाळल्या, मालगाड्या काढल्या. मी अजून बी.फार्मच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि कॉलेज सुटल्यावर मरोद्यात साहूजींच्या मेडिकलच्या काउंटरवर उभी राहते. बारावीनंतर लागले, ती अजून तिथंच आहे. एवढ्या अनुभवावर काय लिहायचं, म्हणून मी आधी नाही म्हटलं. पण संपादक काकूंनी घरी येऊन चहा घेतला, आईशी बोलल्या, आणि जाताना 'मग प्रज्ञा लिहून राहिली ना' असं आईलाच विचारून गेल्या. आई हो म्हणाली.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. शाळा हिंदीतून झाली. मराठी घरातली, ती पण आमच्या गोंदियाकडची. ही लिहायची मराठी मी आईनं जपून ठेवलेली जुनी मासिकं वाचून शिकले. कुठं चुकलं तर सांभाळून घ्या.

लोकांना वाटतं, मेडिकलवाल्याचं खरं कौशल्य म्हणजे डॉक्टरचं अक्षर वाचणं. ते सोपं आहे, महिनाभरात येतं. गिऱ्हाईक काय मागतं ते ओळखणं त्याहून कठीण. 'वो सफेद लंबी वाली देना.' 'जो मेरे साले ने खाई थी, वही.' जामुलहून एक दादा येतात, सिमेंटच्या कामावर आहेत. बायकोच्या औषधाचं रिकामं पाकीट नमुना म्हणून खिशात घालून आणतात. घामानं त्याचा लगदा झालेला असतो. तो लगदा काउंटरवर ठेवून म्हणतात, 'देख लो बेटी, इसी में लिखा है.' प्लांटमधून निवृत्त झालेले एक काका आहेत. डॉक्टरांनी पाच दिवसांचं अँटिबायोटिक लिहिलं की दोनच दिवसांचं घेतात. 'तिसऱ्या दिवशी मले बरं वाटते,' म्हणतात. मी एकदा म्हटलं, 'काका, गोळ्या थांबवल्या की तिसऱ्या दिवशी जंतूंनाही बरं वाटायला लागतं.' काका खूप हसले. हसत हसत दोनच दिवसांच्या गोळ्या घेऊन गेले.

आता कात्रीबद्दल सांगायला हवं, कारण पुढची गोष्ट तिच्यावरच आहे. आमच्या काउंटरला एक कात्री सुतळीनं बांधलेली असते. कोणाला चार गोळ्या हव्या असतील तर अख्खी स्ट्रिप कोण घेणार? आम्ही कापून देतो. ती कापायची एक रीत आहे. औषधाचं नाव आणि मुदतीची तारीख ज्या टोकाला छापलेली असते, ते टोक दुकानात ठेवायचं आणि दुसऱ्या बाजूनं कापत यायचं. नाहीतर उरलेला तुकडा कशाचा, ते आम्हालाच कळणार नाही. साहूजींनी मला पहिल्या दिवशी हेच शिकवलं. दुकानाच्या बाजूनं ते बरोबरच आहे. पण त्यामुळे गिऱ्हाइकाच्या हातात जातो तो बिननावाचा तुकडा. चमकणारी पन्नी आणि आत रंग. मग माणूस रंगावरून नाही ओळखणार तर कशावरून ओळखणार?

हे तुकडे पुढं जातात कुठं, तर घरातल्या डब्यात. आमच्या गल्लीत प्रत्येक घरी औषधांचा डबा आहे. रेल्वेच्या दवाखान्यातल्या उरलेल्या गोळ्या, प्लांटच्या दवाखान्यातल्या उरलेल्या, आमच्याकडचे कापलेले तुकडे, सगळं त्यात. त्यातही पंचशीला मावशीचा डबा आमच्याकडे प्रसिद्ध. मावशीचे यजमान रेल्वेत गँगमन होते, आता नाहीत. मुलगा राहुलभाऊ पण रेल्वेतच आहे. मावशीला वाचता येत नाही, पण डबा बघाल तर चकित व्हाल. रंगानुसार पुड्या बांधलेल्या, प्रत्येक पुडीला त्याच रंगाचा दोरा. कोणाचं लेकरू तापलं, कोणाचा दात सुजला की लोक आधी मावशीकडे आणि मग दवाखान्यात. एक पैसा न घेता ती गोळी द्यायची, वर घरी जाऊन विचारपूस करायची. तिच्या हातात गुण आहे असं लोक म्हणायचे. अँटिबायोटिक म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं. 'अंगार तापाची गोळी' तिला माहीत होती, ती लाल-पिवळी.

त्या संध्याकाळी मावशीची सून अश्विनी दुकानात आली. बाजूला उभी राहून गिऱ्हाइकं जायची वाट बघत होती. ती पोटुशी आहे हे मला माहीत होतं. मावशी दर महिन्याला तिच्यासाठी आमच्याकडून फोलिक ॲसिडच्या गोळ्या न्यायची आणि 'कोनाले सांगू नको वो' असं बजावून जायची. आधीचं एक पोटातच गेलं होतं, म्हणून यावेळी सगळेच जपून होते.

दुकान रिकामं झालं तशी ती पुढं आली.

'प्रज्ञा, ते पाडायची किट असते ना. ते दे.'

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. 'कोणासाठी?'

'मायासाठीच,' तिनं स्वतःकडे बोट केलं.

मी काउंटरच्या बाहेर आले. तशी ती एकदम बोलायला लागली. 'मले लघवीले जळजळ होत होती ना. अंगात ताप बी होता. आईनं डब्यातून लाल-पिवळी देल्ली. दोन दिवस खाल्ली. मंग काल मोबाइलवर एका बाईचा व्हिडिओ आला, पोटुशी बाईनं अँटिबायोटिक खाल्लं तर लेकराचं लिव्हर खराब होते. त्या बाईनं फोटो बी दाखवला. काळं लिव्हर, प्रज्ञा. पूरा काला. आता ते लेकरू तसंच जन्मले आले तर मी काय करू? त्याच्यापेक्षा आताच…'

'राहुलभाऊंना सांगितलं?'

'नाई.'

'मावशीला?'

'आईले कसं सांगू? तुमच्याच हातानं देल्ली म्हणू का? ते तं मरूनच जाईल.'

साहूजी गल्ल्यावर बसून सगळं ऐकत होते. ते तसे कोणाच्या भानगडीत पडत नाहीत. पण तिथूनच म्हणाले, 'बेटी, वो किट बिना पर्ची के कोई देगा तो भी मत लेना. तेरा तीसरा महीना निकल रहा है. घर में खाएगी तो खून नहीं रुकेगा.' मग माझ्याकडे वळून छत्तीसगढीत म्हणाले, 'हमर काम दवई देना हे, डॉक्टरी करना नोहय.' ते मला सांगितलेलं होतं.

'दुसऱ्या दुकानात भेटते म्हणे,' अश्विनी हळूच म्हणाली.

मला भीती होती ती हीच. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, 'भेटत असंल. म्हणूनच सांगून राहिली, उद्यापर्यंत काही घेऊ नको. कोणाकडून मागवू पण नको. आधी तू खाल्लं काय ते तर कळू दे. त्यातल्या उरलेल्या गोळ्या घेऊन ये.'

ती हो म्हणाली, पण मला रात्री नीट झोप लागली नाही. लाल-पिवळी म्हटल्यावर माझ्या डोक्यात दोन औषधं येत होती. एक पेनिसिलीनच्या घराण्यातलं, गरोदर बायकांना डॉक्टर वर्षानुवर्षं देत आले आहेत असं. दुसरं टेट्रासायक्लीन. ते गरोदरपणात देऊ नये हे आम्हाला अगदी सुरुवातीला शिकवतात. ते पोटातल्या बाळाच्या हाडांत आणि दातांत जाऊन बसतं, आणि मोठ्या मात्रेत आईच्याच लिव्हरला त्रास झाल्याचं पुस्तकात आहे. दोन्ही कॅप्सूल लाल-पिवळ्या मिळतात. कॅप्सूलचा रंग कंपनी ठरवते, आतल्या औषधाचा त्याच्याशी संबंध नसतो. हे परीक्षेत लिहिलं होतं, गुण पण मिळाले होते. पण त्याचा अर्थ त्या रात्री कळला.

सकाळी डबा आला, पण अश्विनीच्या हातात नाही. डबा मावशीच्या खाटेखाली असतो. अश्विनी तो काढताना मावशीला जाग आली. आमच्या दारात पुढं मावशी डबा पदराखाली धरून, आणि मागं रडून डोळे सुजलेली अश्विनी. किटचं मावशीला सांगितलेलं नाही, हे तिनं मला डोळ्यांनीच कळवलं.

'जयभीम,' मावशी आत येत म्हणाली. रागावली असली तरी जयभीम केल्याशिवाय ती भांडण सुरू करत नाही. 'हे घे डबा. तपास. मी काय माया सुनेले जहर देल्लं का? राहुलले लहानपणी निमोनिया झाल्ता तं याच डब्यानं उभा केला. तू कॉलेजात काय शिकली, आमाले उलटं शिकवाले?'

'मावशी, तसं नाही वो. ही गोळी कोणती, तेवढंच पाहायचं आहे.'

'लाल-पिवळी.'

'नाव काय तिचं?'

'हेच नाव.'

'आली कुठून?'

'कोणती? अर्ध्या बुड्याच्या वेळच्या आहेत, दवाखान्यातल्या. अर्ध्या तुयाच दुकानातल्या. रंग एकच, म्हणून एका पुडीत ठेवल्या. वेगळ्या ठेवून काय करू?'

बुडा म्हणजे तिचे यजमान. पुडीत तीन कॅप्सूल उरल्या होत्या, तिन्ही पन्नीतून काढून ठेवलेल्या. बाहेरून मला तिन्ही सारख्याच दिसल्या. मावशीनं पुडीचा दोरा मला दिला नाही, गोळ्या तेवढ्या दिल्या.

कॉलेजात आम्हाला औषधशास्त्र शिकवणाऱ्या तिवारी मॅडम आहेत. वर्गात प्रश्न विचारायची मला अजूनही भीती वाटते. घरी कोणी शिकलेलं नसलं की आपला प्रश्न मूर्खपणाचा असेल असं आधीच वाटतं. त्या दिवशी मी तास सुटल्यावर त्यांच्या मागं प्रयोगशाळेपर्यंत गेले आणि दारात उभी राहून एका दमात सगळं सांगितलं. कोणाचं नाव सांगितलं नाही.

मॅडम म्हणाल्या, 'खोल के देखा?'

इतकी साधी गोष्ट माझ्या मनात आली नव्हती. टेट्रासायक्लीनची पावडर पिवळी असते, पेनिसिलीनच्या घराण्यातली पांढरी. मॅडमनी काळा कागद अंथरला. पहिली कॅप्सूल उघडली, पावडर पांढरी. दुसरी पण पांढरी. तिसरी उघडली तर हळदीसारखी पिवळी. प्रयोगशाळेत जांभळ्या दिव्याची एक पेटी आहे, तिच्यात ठेवली तर ती पावडर चमकायला लागली. पांढऱ्या दोन्ही तशाच अंधारात राहिल्या.

'अब इतना पता चल गया,' मॅडम म्हणाल्या, 'कि पता नहीं चलेगा.'

खरंच होतं. एका पुडीत दोन औषधं होती. अश्विनीच्या पोटात कोणती गेली, किती गेली, हे आता कोणालाच सांगता येणार नव्हतं. मला तिथंच रडू आलं. मॅडमनी मला स्टुलावर बसवलं आणि मोबाइलवरच्या त्या काळ्या फोटोबद्दल विचारलं. मग त्यांनी जे समजावलं ते मला जमेल तसं सांगते.

पोटातल्या बाळाचं लिव्हर आपल्यासारखं काम करत नसतं. नाळेतून येणारं बरंच रक्त आधी लिव्हरमधूनच पुढं जातं, म्हणून आईनं खाल्लेल्या औषधाची गाठ त्याच्याशी पडते, हे खरं. मधल्या महिन्यांत बाळाचं रक्त पण तिथंच तयार होतं, हेही खरं. पण औषध मोडून बाहेर टाकायचं मुख्य काम तोवर आईचं लिव्हर करतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत काही अँटिबायोटिक्सनी पिल्लांच्या लिव्हरमध्ये बदल झालेले दिसले आहेत. पण औषध कोणतं, किती दिलं, कोणत्या दिवसांत दिलं, यानुसार ते बदलतात, आणि उंदराला झालं ते माणसाला तसंच होईल असं त्यातून निघत नाही. माणसांबद्दल अजून बरंच माहीत नाही. व्हिडिओवाल्या बाईनं पहिला अर्धा भाग सांगितला आणि दुसरा सोडला.

'माहीत नाही म्हणजे धोका नाही, असं नाही,' मॅडम म्हणाल्या, 'और पता नहीं का मतलब बच्चा खराब, ऐसा भी नहीं. उसको आज ही डॉक्टर के पास ले जा. पावडर मत दिखाना मोहल्ले में, डॉक्टर को दिखाना.'

त्या दिवशी मी दुकानाला सुट्टी मागितली. साहूजी म्हणाले, 'जा, जा. आज कोई नहीं मरेगा तेरे बिना.'

सरकारी दवाखान्यात आम्ही तिघी गेलो, मी, अश्विनी आणि मावशी. मावशीला नको म्हटलं तरी ती आली, डबा घेऊन आली. डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर तिनं तो ठेवला आणि झाकण उघडलं, जसं काही आपली बाजू मांडायची आहे. डॉक्टरीणबाईंनी तो रंगीत दोऱ्यांचा डबा बराच वेळ बघितला. रागावल्या नाहीत. 'बडी मेहनत की है, अम्मा,' एवढंच म्हणाल्या. मावशीला ते कौतुक वाटलं. मी पावडरी दाखवल्या आणि प्रयोगशाळेत काय दिसलं ते सांगितलं.

मग त्यांनी अश्विनीची पाळीची तारीख विचारली, सोनोग्राफी करून घेतली, रक्त-लघवी तपासायला दिली. त्यात अश्विनीचं स्वतःचं लिव्हर बघायची तपासणी पण होती. सोनोग्राफीत ठोके व्यवस्थित होते. अश्विनीनं स्क्रीनकडे पाहिलंच नाही. बाहेर आल्यावर तिनं खाली बघत डॉक्टरीणबाईंना विचारलं, 'मॅडम, रखूँ कि नहीं?'

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'तुमको बच्चा चाहिए?'

'हाँ.'

'तो सुनो. वो पीली वाली दवा दाँत और हड्डी पर जो असर करती है, वो आगे के महीनों की बात है. तुम अभी वहाँ पहुँची नहीं हो. दो दिन की गोली के डर से बच्चा गिराने को मैं नहीं कहूँगी. गारंटी नहीं दे रही. जिसने एक गोली नहीं खाई, उसको भी नहीं देती.'

मावशी एकदम सरळ झाली. 'गिराने को? कोण म्हणलं गिराने को?'

अश्विनी माझ्या आड सरकली.

मावशीनं सुनेकडे पाहिलं. 'मले कावून नाई सांगतलं वो?'

'तुमीच देल्ली होती ना, आई,' अश्विनी म्हणाली.

मावशीनं डब्याचं झाकण लावलं, ते नीट लागेना, पुन्हा लावलं. मग तिनं अश्विनीच्या पाठीवर हात ठेवला आणि बाहेर येऊन बाकावर बसेपर्यंत तो तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आले तेव्हा अश्विनीचं लिव्हर ठीक होतं. पण लघवीत जंतू अजून होतेच. अर्धवट गोळ्यांनी ते गेले नव्हते. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी लिहून दिली.

ती चिठ्ठी घेऊन त्या दोघी आमच्या काउंटरवर आल्या, आणि माझ्या मते खरी अडचण तिथं सुरू झाली. मी औषध काढून समोर ठेवलं. अश्विनीनं विचारलं, 'हे कायचं आहे?'

मी खरं सांगितलं. 'अँटिबायोटिक.'

तिनं हात मागं घेतला. 'नाई. आता नाई. एकदा वाचलं ना लेकरू, आता पुन्हा तेच कावून खाऊ?'

तिचंही बरोबर होतं. दोन दिवस आम्ही सगळे अँटिबायोटिकलाच घाबरत होतो, आणि आता मीच तिच्यासमोर अँटिबायोटिक ठेवत होते. मला मॅडमसारखं बोलता येत नाही. मी म्हटलं, 'वहिनी, हे दुसरं आहे. पोटुशी बाईले चालते ते बघूनच देल्लं आहे. जंतू तसेच ठेवले तर वर किडनीपर्यंत जातात, थंडी वाजून ताप येतो, लेकरू महिन्याआधी येऊ शकते. तुले त्याच्या लिव्हरची काळजी आहे ना? ते पूर्ण बनायला पण त्याला आत पुरे महिने राहायला पाहिजे.'

'तू नक्की सांगतं?'

'नक्की मी काहीच सांगू शकत नाही वो. पण माझी सख्खी बहीण असती तर मी तिला खायला लावलं असतं.'

अश्विनीनं मावशीकडे पाहिलं. एवढ्या दिवसांत मावशीनं कोणत्या औषधाबद्दल मत दिलं नाही असं झालं नव्हतं. ती म्हणाली, 'मले काई समजत नाई त्यातलं. डॉक्टरीण म्हणते तं खा. एक बी ठेवू नको. ठेवशील तं मी पुडी बांधीन, माया काई भरोसा नाई.'

अश्विनीला हसू आलं. साहूजींनी आपली पाण्याची बाटली पुढं केली. पहिली गोळी तिनं काउंटरवरच घेतली.

साहूजींनी त्या दिवशी स्ट्रिप कापू दिली नाही. तेव्हापासून मी कापलेल्या प्रत्येक तुकड्याबरोबर कागदाच्या पुडीवर औषधाचं नाव आणि मुदत लिहून देते. 'पूरी दुकान को स्कूल बना दिया इसने,' असं साहूजी गिऱ्हाइकांना सांगतात. पण कागद तेच आणून देतात. आधीपासून का लिहीत नव्हतो याचं वाईट वाटतं. मावशीच्या डब्यात आता मुगवड्या असतात. तरी लोक अजून तिच्याकडेच आधी जातात. फरक एवढाच की ती त्यांना हाताला धरून दवाखान्यात नेते आणि लाइनीत भांडते.

पुढचे महिने अश्विनी नेमानं तपासायला जात राहिली. प्रत्येक सोनोग्राफीनंतर दुकानासमोरून जाताना मला हात करायची, म्हणजे ठीक आहे. मोबाइल बघणं तिनं सोडलं नाही, पण ती बाई दिसली की पुढं सरकवते असं म्हणाली. पुरे दिवस भरून मुलगी झाली. वजन चांगलं, रडणं त्याहून चांगलं. मला वाटलं, संपलं एकदाचं.

दोन दिवसांनी मावशीचा फोन आला. आवाज ओळखू येईना. 'प्रज्ञा, पोरगी पिवळी झाली वो. डोळे बी पिवळे. ते लिव्हरचंच आहे का?'

बरीच बाळं सुरुवातीला पिवळी होतात हे मला माहीत होतं. अगदी नेहमीचं आहे. पण वाचलेलं आठवणं वेगळं आणि दवाखान्यातल्या त्या वॉर्डात जाणं वेगळं. मी धावतच गेले. बाळ निळ्या दिव्याखाली होतं, डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट. अश्विनी भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती एवढंच म्हणाली, 'मले माहीत होतं.'

बाळांचे डॉक्टर आले. माझ्या आधी मावशीनंच त्यांना सगळं सांगितलं, डबा, लाल-पिवळी, सगळं, स्वतःच्या नावानं. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, 'अम्मा, इसका उससे कोई लेना-देना नहीं दिखता. आज तक सफाई माँ कर रही थी, अब पहली बार इसका अपना लिव्हर ड्यूटी पर आया है. नया आदमी है, दो-चार दिन लगते हैं.' रक्तातला पिवळेपणा फार चढला तर धोका असतो, म्हणून दिवा. मग त्यांनी काम नेमून दिलं. दूध वारंवार पाजायचं आणि शी बघायची. पिवळेपणा शीमधून बाहेर पडतो, म्हणून ती पिवळी यायला पाहिजे. पांढरी किंवा फिकट मातीसारखी दिसली तर तेव्हाच सांगायचं, तेव्हा मात्र लिव्हरची पूर्ण तपासणी करावी लागेल.

मावशीनं ती ड्यूटी दुसऱ्या कोणाला दिली नाही. मी निघाले तेव्हा ती पाळण्याशेजारी स्टूल ओढून, चष्मा पुसून बसली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकानात गर्दी होती. माझे दोन्ही हात अडकलेले. फोन वाजला, मावशीचं नाव दिसलं, आणि मी घाबरून बोटानं स्पीकर दाबला. आधी नुसता वॉर्डातला गोंधळ ऐकू आला. मग मावशी ओरडली, अख्ख्या दुकानानं ऐकलं.

'हागली वो प्रज्ञा! पोरगी हागली! पिवळी धमक! डॉक्टर म्हणे, एकदम बढिया. रक्ताचा रिपोट बी उतरला, उद्या दिवा काढतात. अश्विनी रडून राहिली, हसून बी राहिली. मी लंगोट सगळ्या वॉर्डाले दाखवून आली!'

साहूजींनी गल्ल्यावरून मान वर करून विचारलं, 'क्या हुआ?'

'पॉटी हुई, साहूजी,' मी म्हटलं. 'पीली.'

साहूजींनी दोन्ही हात वर नेऊन जोडले. लाइनीत पहिले उभे असलेले काका, जे ना मला ओळखत होते, ना मी त्यांना, त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि अगदी मनापासून म्हणाले, 'मुबारक हो, बेटी.'

मी पण तितक्याच मनापासून त्यांना धन्यवाद म्हटलं.